माननीय वीस हजार रुपये यांस, राजुऱ्याहून

प्रति,
माननीय रुपये वीस हजार (अक्षरी वीस हजार फक्त),
द्वारा केंद्रीय आरोग्य मंत्रालय, नवी दिल्ली

विषय : राजुरा, जि. चंद्रपूर येथे तत्काळ रुजू होणेबाबत.
संदर्भ : मा. सर्वोच्च न्यायालयाचा दि. २९ जानेवारी २०१६ रोजीचा आदेश.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की, मी बी.एस्सी. नर्सिंग उत्तीर्ण झालेली, महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे रीतसर नोंद असलेली परिचारिका असून सध्या राजुऱ्यातल्या एका खासगी दवाखान्यात दरमहा आठ हजार रुपयांवर काम करते. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर बाकीच्या दवाखान्यांना वाटेल, आपण त्यातले नाही.

आपली माझी भेट नाही, पण ओळख जुनी आहे. कॉलेजात मॅडमनी फळ्यावर आपलं नाव लिहिलं होतं आणि खाली दोन रेघा ओढल्या होत्या. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया कोर्टात गेली. कोर्टाने केंद्राला सांगितलं, खासगी रुग्णालयांतल्या नर्सच्या पगाराचं बघायला समिती नेमा. फेब्रुवारी २०१६ मध्ये आरोग्य सेवा महासंचालक डॉ. जगदीश प्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली ती नेमली गेली आणि तिने हिशोब मांडला. दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार. शंभरच्या वर असतील तर त्याहून फार तर १० टक्के कमी. पन्नास ते शंभर असतील तर फार तर २५ टक्के कमी. आणि पन्नासच्या आतला दवाखाना असला तरी आपल्याहून कमी काही झालं तरी नाही. आमच्या दवाखान्यात खाटा पंधरा. म्हणजे स्थळ म्हणून आमच्यासाठी आपणच ठरलात.

केंद्राने त्याच वर्षी राज्यांना पत्रं धाडली. पुढे संसदेत कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, आरोग्य हा राज्यांचा विषय आहे. राज्याला विचारलं की शिफारस केंद्राच्या समितीची आहे. आपण मधे कुठे तरी, दोन फायलींच्या मधल्या बाकावर बसून असाल असं मला आपलं वाटतं.

उशिराचं आम्हाला वावडं नाही, हे आधीच सांगते. राजुरा निजामाच्या राज्यात होतं. देशाला स्वातंत्र्य मिळालं १५ ऑगस्ट १९४७ ला, आम्हाला १७ सप्टेंबर १९४८ ला. त्यानंतर आम्ही आदिलाबादेतून नांदेडात गेलो आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आलो. स्वातंत्र्यासारखी गोष्टसुद्धा आमच्याकडे तेरा महिन्यांत पोचली. मग आपल्यालाच एवढी वर्षं का लागावीत?

वाट चुकलात असं म्हणावं, तर वाट सरळ आहे. नवी दिल्लीहून केरळ एक्स्प्रेस निघते, नागपूर करत बल्लारशाहला थांबते. तिथे उतरायचं, वर्धा नदीचा पूल ओलांडायचा की आलं राजुरा. पावसाळ्यात पूर आला की तो रस्ता बंद होतो, हे खरं, पण बारा महिने पूर नसतो. आमचा संशय असा आहे की आपण गाडीत बसलात, बल्लारशाहला खिडकीतून बाहेर बघितलंत, चहा घेतलात आणि तसेच पुढे गेलात. कारण केरळात आपण उतरलात याचा पुरावा आहे. तिथल्या नर्सनी संप केले, चेरथला ते तिरुवनंतपुरम पायी मोर्चा काढायचं जाहीर केलं, आणि मोर्चा निघायच्या आदल्या दिवशी, २३ एप्रिल २०१८ ला, सरकारने अधिसूचना काढली. किमान मूळ वेतन, वीस हजार. एके काळी तिकडच्या सिस्टर ह्याच रुळांवरून उलट्या दिशेने आमच्या मुलखात नोकरीला येत असत. आता त्या कशाला येतील?

केरळने त्यासाठी नवा कायदा केला नाही, ही गोष्ट मला फार लागते. त्यांनी १९४८ चा किमान वेतन कायदा काढला, त्याच्या तक्त्यातला आकडा खोडला आणि आपल्याला बसवलं. तोच कायदा मुंबईलाही होता. रुग्णालयं त्याच्या यादीत इथेही होती. कुशल, अर्धकुशल, अकुशल असे रकाने आहेत, राज्याची परिमंडळं आहेत (मुंबई-पुणे वर, आम्ही कुठे ते ओळखा), वर्षातून दोनदा विशेष भत्ता वाढतो. सगळा संसार मांडलेला आहे, आपल्याला पाट तेवढा ठेवलेला नाही. आणि जो आकडा तिथे आहे तोही मला लागू नाही, कारण दवाखान्याच्या लेखी मी नर्स नसून ट्रेनी आहे.

आता आपल्याला गावातली परिस्थिती सांगते. राजुऱ्यात सलाईन एक आहे, ते लावणाऱ्या हाताचे दर तीन आहेत. उपजिल्हा रुग्णालयात कायम अधिपरिचारिका आहे. तिचा पगार सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ३५,४०० रुपये मुळापासून सुरू होतो, वर ५० टक्क्यांहून जास्त महागाई भत्ता. तिला कुणी फुकट देत नाही, हे मी त्या वॉर्डात शिकताना डोळ्यांनी पाहिलं आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाची कंत्राटी स्टाफ नर्स त्याच इमारतीत, त्याच रजिस्टरवर, तीच नाडी मोजते. जाहिरातीत तिचं मानधन २०,००० रुपये. म्हणजे आपणच! आधी मला आनंद झाला, की बाई, पाहुणे आलेले आहेत, फक्त सरकारी दवाखान्यात उतरलेत. मग लक्षात आलं. समितीने ज्या आकड्याला खासगीतल्या सगळ्यात लहान दवाखान्याची शेवटची पायरी म्हटलं, तो आकडा सरकारने स्वतःच्या कंत्राटी नर्ससाठी पसंत केला. तेही मानधन म्हणून, पगार म्हणून नाही. या कंत्राटी लोकांना २०२३ मध्ये संप करावा लागला, तेव्हा कुठे पुढल्या मार्चमध्ये दहा वर्षं झालेल्यांच्या समायोजनाचा शासन निर्णय निघाला. ज्या सरकारला आपण स्वतःच जड जाता, ते पंधरा खाटांच्या डॉक्टरांना काय तोंडाने सांगणार?

आणि तिसरी मी. वेकोलि या कोळसा कंपनीच्या आणि सिमेंट कंपन्यांच्या दवाखान्यांतल्या नर्सचं मी लिहीत नाही. त्यांचं वेगळं असतं, आणि पत्रात मत्सर दिसू नये.

आमच्या सरांची बाजूही आपल्या कानावर घालते, नाही तर आपण एकतर्फी मत कराल. भारतीय परिचर्या परिषद म्हणते, साध्या रुग्णालयात पाच खाटांमागे एक नर्स. पंधरा खाटांना एका पाळीत तीन, तीन पाळ्यांना नऊ, सुट्टी-रजेला एखादी वर, म्हणजे दहा. दहा जणींना आपण एकेक म्हटलं तर महिन्याला दोन लाख झाले. कापसाला भाव नाही म्हणून पेशंट बिलात शंभर-दोनशे सोडा म्हणतो, सरकारी योजनेचे पैसे कधी येतील ते सरकारलाच ठाऊक. हे खोटं नाही. पण सरांनी त्यावर काढलेला तोडगा असा की दहाच्या जागी आम्ही तिघी, आठ तासांच्या जागी बारा, आणि वीसच्या जागी आठ. सोनोग्राफी मशीनवाल्याला मात्र त्यांनी कधी ट्रेनी म्हटलेलं ऐकलं नाही. त्याचा हप्ता वेळेवर जातो.

मुलाखतीला गेले तेव्हा ते म्हणाले, "आधी काम तं शिक बाई, पगाराचं मंग पाहू. अनुभव काय आहे तुले?" मी काय सांगणार? चार वर्षं वॉर्डात विद्यार्थिनी म्हणून होते. सिकलसेलचं पोर दुखण्याने कळवळतं तेव्हा त्याला कसं धरायचं ते शिकले. मण्यार आणि घोणस चावलेल्यांत फरक काय, फवारणीच्या विषाने बाहुली किती लहान होते, मे महिन्यात चंद्रपूर ४६ अंशांवर गेलं की उन्हाने पडलेल्या मजुराला आधी काय करायचं, हे सगळं पाहिलं, केलं, परीक्षेत लिहिलं. हा अनुभव नव्हे, कारण तेव्हा आम्ही फी भरत होतो. गंमत अशी की दिवसा अनुभव नसलेली मी रात्री आठनंतर एकाएकी अनुभवी होते. डॉक्टर वर झोपलेले असतात, खाली पंधरा खाटा, एक मावशी आणि मी.

जास्त बोललं की सर दुसरं बोट दाखवतात, बारावी झालेली मुलगी पाच हजारांत येते, सहा महिन्यांत इंजेक्शन शिकते. येते, हे खरं आहे. जिवती-कोरपन्याकडच्या मुली येतात आणि जीव तोडून काम करतात. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांनाही कुणी शिकवत नाही आणि काही चुकलं तर त्यांचंच नाव पुढे होतं. पण शुश्रूषागृहात पात्र परिचारिकांचं योग्य प्रमाण हवं, हे १९४९ च्या नोंदणी कायद्यात आहे. ते प्रमाण मोजायला कुणी आलं, तर माझी किंमत त्याच दिवशी वाढेल. माझ्यासाठी नको, निदान पेशंटसाठी तरी मोजावं. मोजणारे येतात ते अग्निशमनाची बाटली बघून जातात.

आपल्या अनुपस्थितीत माझं कसं चालतं, अशी काळजी आपल्याला असेल. चालतं. मी गडचांदूरहून येते. मार्च २०२३ पासून बाईमाणसाला एसटीचं तिकीट अर्धं झालं, तेव्हा सर म्हणाले, वा, तुझे पैसे वाचले. पुढच्या वर्षी लाडक्या बहिणीचे दीड हजार सुरू झाले, तेव्हाही म्हणाले, वा. आठ आणि दीड, साडेनऊ झाले की तुले. माझी पगारवाढ परस्पर राज्याच्या तिजोरीतून झाली आणि सरांनी ती स्वतःच्या हिशोबात धरली. १२ मे ला परिचारिका दिन असतो, त्या दिवशी गुलाब मिळतो. त्याचे पैसे कापत नाहीत.

सरकारी भरतीची वाट बघावी, तर २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या भरतीचा पेपरच फुटला. माझी मोठी बहीण तेव्हा परीक्षेला बसली होती. तीही नर्स आहे, आता हैदराबादला असते. आमच्या घरून हैदराबाद मुंबईहून जवळ आहे, सगळ्याच अर्थांनी.

आणखी एक बातमी आपल्याला पोचली नसेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. त्यांना कुशल माणसं हवी आहेत, त्यांत नर्सही आहेत. आपलं सरकार आम्हाला जर्मन भाषा शिकवणार आणि पाठवणार. मला याचा अभिमान वाटला. जे हात राजुऱ्यात आठ हजारांचे आहेत ते श्टुटगार्टला कुशल ठरतात, आणि ते कुशल आहेत हे आपल्याच सरकारने लिहून दिलं आहे. ह्याच कागदाची एक झेरॉक्स कामगार खात्याला पाठवली असती, तर जर्मन शिकायची गरज पडली नसती. व्याकरण फार अवघड आहे म्हणतात.

शेवटी एक नाजूक गोष्ट लिहिते, राग मानू नये. आपलंही वय झालं आहे. २०१६ चे वीस हजार आणि आजचे वीस हजार यांत काय फरक पडला, ते राजुऱ्याच्या आठवडी बाजारात कुणीही सांगेल. सरकारी सिस्टरला तेव्हापासून महागाई भत्ता मिळत गेला, आपल्याला कुणी एक टक्काही लावला नाही. यायचंच असेल तर लवकर या. आणखी पाच-दहा वर्षांनी आलात तर आम्ही आपल्याला ओवाळू, पण आपल्यात घरभाडं निघणार नाही.

आपली,
एक नोंदणीकृत परिचारिका (दवाखान्याच्या लेखी ट्रेनी),
राजुरा

प्रत माहितीस्तव : कामगार विभाग, मंत्रालय, मुंबई. (तिथे आपली ओळख नसेल तर केरळचं नाव सांगा.)

ता. क. : येताना नियुक्तिपत्र बरोबर आणावं. दहा माणसं झाली की कर्मचारी राज्य विमा लागतो, वीस झाली की भविष्य निर्वाह निधी, म्हणून आमच्या रजिस्टरवर नऊच नावं आहेत. त्यांत माझं नाही. उद्या दुसरीकडे मुलाखतीला गेले तर दाखवायला कागद नाही, आणि तिथले सरही विचारणार, अनुभव काय आहे तुले?