सेक्टर सहाचा विश्वकोशकार

निवृत्तीनंतर माणूस एकतर गीतेवर बोलू लागतो, नाहीतर आपल्या शुगरवर. मी मराठी विकिपीडियावर लिहू लागलो. डॉ. केतकरांना ज्ञानकोशाच्या २३ खंडांसाठी वर्गणीदार जमवत गावोगाव फिरावं लागलं. मला फक्त बारावीतल्या नातीकडून पासवर्ड घ्यावा लागला.

सुरुवातीला सगळं ओळखीचं वाटलं. गिरवायला धूळपाटी, वाद घालायला चावडी. पण चावडीवर आवाज चढवून कुणी जिंकत नाही, तिथे पुरावा मागतात. आमच्या शेजारच्या भाऊंना हेच मान्य नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी भिलाईच्या पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन केलं, तेव्हा भाऊ वडिलांच्या खांद्यावर बसून हजर होते. त्यांना त्या गर्दीचं वर्णन विकिपीडियावरच्या भिलाईच्या लेखात हवं होतं.

"छापील संदर्भ?" नातीनं विचारलं.

"म्या सोता पायलं ना बाप्पा! माह्या डोयाचा संदर्भ द्या!"

"स्वतः पाहिलेलं चालत नाही, भाऊआजोबा."

"मंग त्या राजेंद्रबाबूले इचारा!"

मी विषय बदलून सिकलसेलकडे वळलो. विदर्भात काय आणि छत्तीसगढात काय, या आजाराची ओळख करून द्यावी लागत नाही. 'रक्तात दबा धरून बसलेला हा क्रूर राक्षस' अशी मी झोकात सुरुवात केली. नातीनं राक्षस काढला, क्रूर काढला, दबाही काढला. उरलं ते रक्त.

मग संशोधन वाचायला बसलो आणि तिथे मात्र खरंच रमलो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसतं. बाकीच्या १४५ जागा जशाच्या तशा! तरी ऑक्सिजन कमी पडला की हिमोग्लोबिनच्या लांबलचक काड्या तयार होतात आणि गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. आई-वडील दोघांकडूनही हा बदल असलेलं जनुक आलं तर आजार, एकाकडूनच आलं तर माणूस वाहक. एका अमिनो आम्लाचा हा फरक व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५७ मध्ये दाखवला. सहाव्या क्वार्टरात भलताच माणूस राहायला आला की अख्खी लाइन कशी वाकडी चालते, हे माझ्यासारख्या भिलाईच्या सेक्टर ६ मध्ये राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. (हे वाक्यही नातीनं काढलं. इथे ते घुसवतो आहे.)

संशोधक फार जपून बोलतात. 'संबंध आढळला', 'शक्यता आहे', 'उंदरांवर'. बातमी होईपर्यंत संबंधाचं कारण होतं, शक्यतेची खात्री होते आणि उंदीर पसार होतात. सारांश लिहिणाऱ्यानं या उंदरांना जिवापाड जपावं, असं माझं ठाम मत आहे. म्हणूनच आजारावर लिहिताना विकिपीडिया एकट्यादुकट्या प्रयोगापेक्षा अनेक प्रयोगांचा आढावा घेणारा लेख पसंत करतो. भाऊंनी एका काढ्याची शिफारस केली होती: "माह्या सायाले गुन आला." अभ्यासातला नमुना, साळा एक. तुलनेला दुसरा साळा नाही. काढा वगळला.

राहिला भिलाईचा लेख. इथल्या मराठी मंडळींना विनंती: माळ्यावरच्या जुन्या स्मरणिका, गौरव अंक, पिवळी पडलेली वर्तमानपत्रं रद्दीत घालू नका. पान क्रमांकासकट माझ्याकडे आणून द्या. चहा मी करीन.