डरकाळ्या, रिमेक आणि मटणाची नळी

आदिलाबादच्या मराठी माणसाला सिनेमात फसवणं अवघड. पैनगंगेच्या अलीकडे तेलुगू, पलीकडे मराठी, आणि हिंदी काय, दोन्हीकडून येतेच. पुण्या-मुंबईत जो सिनेमा नवाकोरा म्हणून वाजतगाजत लागतो, त्याची मूळ प्रत आम्ही आधीच बघून, शिट्ट्या मारून, विसरूनही गेलेलो असतो.

तर अलीकडे पाहिलेल्या आणि पुन्हा पाहिलेल्या सिनेमांचा हा हिशेब. उधारी ठेवलेली नाही.

आधी 'वेड'. रितेश देशमुखचं पहिलं दिग्दर्शन, अजय-अतुलचं संगीत. २०२२ सरता सरता सगळा महाराष्ट्र रडला. आम्हीही रडलो होतो, पण २०१९ मध्ये, मूळ तेलुगू 'मजिली' बघताना. जिनिलियाच्या मराठी पदार्पणाचं केवढं कौतुक झालं! आमच्याकडे ती २००६ पासून 'बोम्मरिल्लू'ची हासिनी आहे. लातूरची सून ती नंतर झाली.

सिनेमा वाईट आहे का? मुळीच नाही. गाणी तर मूळच्यापेक्षा सरस. पण गोष्टी इकडून तिकडेच किती दिवस जायच्या? पैनगंगेने एकाच दिशेने वाहणं भूगोलात ठीक आहे.

'पुष्पा २'. तीन तास वीस मिनिटं! एवढं कमी पडलं म्हणून दीड महिन्यात आणखी वीस मिनिटं जोडून पुन्हा थिएटरात. जत्रेत साडी नेसून नाचणारा अल्लू अर्जुन मात्र कमाल. तिकिटाचे पैसे तिथेच वसूल. पुढचं सगळं आपण फुकट बघतो, आणि ते तसंच वाटतं.

आमचं जंगल सागाचं. रक्तचंदन चोरणाऱ्याचे दोन भाग झाले, तिसऱ्याची घोषणाही झाली. साग चोरणाऱ्याच्या वाट्याला साधं एक गाणं नाही.

अन्याय इथेही प्रादेशिकच.

पलीकडचे पाहुणे पुष्पा हिंदीत बघतात. त्यात अल्लू अर्जुनचा आवाज श्रेयस तळपदेचा. हिंदी 'बाहुबली'त प्रभासचा आवाज शरद केळकरचा. म्हणजे छाती तेलुगू, गळा मराठी. आणि मराठी चेहरा कुठे बघायचा? खलनायकात! 'जनता गॅरेज'मध्ये सचिन खेडेकर, 'अदुर्स'मध्ये महेश मांजरेकर. गळा नायकाला, थोबाड मार खायला.

मग 'छावा'. कादंबरी शिवाजी सावंतांची, मराठी. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर, मराठी. राजा तर महाराष्ट्राचा प्राण. सिनेमा? हिंदी. तीन आठवड्यांनी तो तेलुगूतही आला. शंभूराजे आमच्या थिएटरात अस्खलित तेलुगू बोलले. मराठीत ऐकायचे असतील तर कादंबरी आहे, वाचा की!

आणि येसूबाई कोण? पुष्पाची श्रीवल्ली.

विकी कौशलने जीव ओतलाय, वाद नाही. पण राजाने दर दहा मिनिटांनी डरकाळी फोडलीच पाहिजे का? 'बुधभूषण' लिहिणारा हा माणूस. लक्षात राहते ती कवी कलशाशी चाललेली काव्याची देवघेव, तीही दोघं साखळदंडात असताना. निवांत दोन ओळी बोलायला राजाला कैदेपर्यंत थांबावं लागलं.

आता 'आरआरआर'. इथे आम्ही जरा हळवे, कारण कोमरम भीम आमचा. त्याचं जोडेघाट २०१६ च्या जिल्ह्यांच्या फाळणीत शेजारच्या जिल्ह्यात गेलं, आणि त्या जिल्ह्याला भीमचं नावही मिळालं. तरी आमचाच.

भीम झालेला एनटीआर वाघाशी झुंजला, आम्ही टाळ्या वाजवल्या. 'नाटू नाटू'ला ऑस्कर मिळालं, आम्ही पेढे वाटले. आदिलाबादचा गोंड कीवच्या राजवाड्यासमोर नाचला, तेही चालवून घेतलं. नाचाला कुठे सातबारा लागतो?

पण भीम लढला कोणाशी? निजामाशी. १९४० मध्ये जोडेघाटला मारलं कोणी? निजामाच्या पोलिसांनी. सिनेमात शत्रू इंग्रज. आणि निजामाचा माणूस? तो इंग्रजांना समजावायला येतो, की बाबांनो, पळवून नेलेली गोंडांची पोरगी परत द्या.

निजामाला इतका चांगला वकील हैदराबादेतही मिळाला नसता.

शेवटी सिनेमाचा दुसरा नायक राम भीमला विचारतो, तुला काय हवं? भीम म्हणतो, शिक्षण. खऱ्या भीमच्या जीवनकथेत चांद्याचा विठोबा नावाचा छापखानावाला येतो; त्याच्याकडे राहून भीम लिहा-वाचायला शिकला असं सांगतात. सिनेमात ते श्रेय पोलिसाचा गणवेश घालून हिंडलेल्या रामाला. 'काल्पनिक आहे' अशी पाटी लावली की गुरूही बदलता येतो.

आणि या सगळ्या गदारोळात २०२३ मध्ये एक गुपचूप सिनेमा आला. 'बलगम'. दिग्दर्शक वेणू येल्दंडी. तेलंगणातलं खेडं. म्हातारा जातो, पिंडाला कावळा शिवत नाही, आणि सगळं कुटुंब आभाळाकडे बघत बसतं. भांडण कशावरून? मटणाच्या नळीवरून! ताटात नळी आली नाही म्हणून जावई वर्षानुवर्षं रुसलेला.

यात कुठला मराठी माणूस अडखळेल? ज्या घरात कावळ्यासाठी ताटकळले नाहीत आणि जावई रुसला नाही, असं घर दाखवा.

तेलुगू पडद्यावर तेलंगणाची बोली वर्षानुवर्षं गुंडांच्या आणि विदूषकांच्या तोंडी. मराठीत तेच वऱ्हाडीचं. बलगममध्ये ती बोली घरातले सगळेच बोलतात, आणि हसायचं कशाला हे कोणाला सांगावं लागत नाही. गावोगाव पडदे बांधून लोकांनी तो एकत्र बसून पाहिला. वाघ नाही, डरकाळी नाही, राजवाडा नाही. कावळा एक, तोही वेळेवर न येणारा.

म्हणूनच मुंबईच्या निर्मात्यांना हात जोडून विनंती: याच्या रिमेकच्या वाटेला जाऊ नका.

तुम्ही कावळ्यालाही स्लो मोशनमध्ये उतरवाल.