तेहतीस टक्क्यांचे आप्पा

जालना जिल्ह्यात आभाळ फाटतं ते सुट्टी बघून. 11 फेब्रुवारी 2018 ला जालना आणि मंठा तालुक्यांत गारपिटीनं पिकं झोडपली, तो रविवार होता. तलाठी आप्पांच्या हातात तेव्हा नुकताच चहा आला असणार, असं धरून चालायला हरकत नाही. आप्पांचा कुठलाच चहा पंचनाम्याच्या आधी संपत नाही.

2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं प्रत्येक जिल्ह्याला प्राधिकरण दिलं, जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष. नियंत्रण कक्ष आहे, 1077 क्रमांक आहे, जाडजूड आराखडा आहे. पण कलेक्टर कचेरीतून तहसिलीत, तिथून सर्कलकडे आणि सर्कलकडून सज्ज्यावर, असं उतरत उतरत हे सगळं शेवटी एका मोटारसायकलवर मावतं. मागच्या सीटवर कोतवाल, डिकीत कोरे अर्ज आणि अंगठ्याचं पॅड. सरकारनं अलीकडे तलाठ्याच्या पदाला 'ग्राम महसूल अधिकारी' असं भारदस्त नाव दिलं. पुराच्या वेळी हाक मारायला ते जरा लांब पडतं, म्हणून गावानं आप्पाच ठेवले.

आप्पांचं शास्त्र दोन आकड्यांवर उभं आहे. पहिला 65. महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, तर ती अतिवृष्टी. त्यासाठी मंडळामंडळांत 'महावेध'ची स्वयंचलित केंद्रं आहेत. अडचण एवढीच, की केंद्र एका गावात असतं आणि ढग दुसऱ्या गावावर फुटतो. सोयाबीन पाण्यात उभी असलेल्या माणसाला आप्पा हळूच सांगतात, "दादा, आपल्या मंडळात साठच लागलाय." दादा आधी आभाळाकडे बघतो, मग आप्पांकडे, आणि दोघांत जो हाताशी आहे त्याला धरतो.

दुसरा आकडा 33. पिकाचं निदान 33 टक्के नुकसान झालं, तरच मदत. हे टक्के ठरवायला तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक असे तिघं बांधावर उभे राहतात. तराजू नाही, टेप नाही, आहे ती नजर. कृषी सहायक कपाशीचं बोंड फोडून बघतो, ग्रामसेवक पुढच्या गटाकडे बघतो, आप्पा शेतकऱ्याच्या तोंडाकडे बघतात. 32 लिहिले तर त्याच्या हाती भोपळा. 34 लिहिले तर केंद्राच्या निकषानं कोरडवाहूला हेक्टरी 8,500 रुपये. कायदा, प्राधिकरण, आराखडा, निधी, सगळं या दोन टक्क्यांच्या फटीत अडकलेलं असतं आणि ती फट ओळखायचं काम पावसात भिजलेल्या एका माणसाकडे. तेवढ्यात शेजारच्या बांधावरून हाक येतेच, "आप्पा, त्याचं दिसलं, मग माझंच काहून दिसंना?"

गारांचा पंचनामा त्याहून बिकट, कारण पुरावाच वितळतो. कडवंचीच्या द्राक्षमळ्यात फुटलेले घड तरी दिसतात. एखादा हुशार गडी मात्र गारा डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवतो आणि आप्पा आले की साक्षीदार हजर करावा तसा डबा उघडतो. आप्पा त्याचाही फोटो काढतात, अक्षांश-रेखांशासह.

वीज पडून जनावर गेलं की हिशेब आणखी बारीक. दुभती म्हैस 37,500 रुपये, ओढकामाचा बैल 32,000, शेळी 4,000. ओढकामाच्या यादीत उंटही आहे. जालन्यात आप्पांना उंटाचा पंचनामा करायची वेळ सहसा येत नाही, पण मेलेली म्हैस दुभती होती की भाकड, यावर अख्खं गाव दोन तास बोलतं. डॉक्टर येईपर्यंत मालकीण आटत आलेल्या म्हशीचं दूध दर दहा मिनिटांनी लिटरभर वाढवते. आप्पा ऐकून घेतात. माणूस गेला असेल तर 4 लाख, आणि तिथे आप्पा चहाही घेत नाहीत.

पाऊस नसला तरी आप्पांना उसंत नाहीच. 2012-13 मध्ये मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. 2023 मध्ये दुष्काळ जाहीर झालेल्या चाळीस तालुक्यांत जालन्याचे पाच होते. अशा उन्हाळ्यात आप्पा विहिरी अधिग्रहणासाठी बघत फिरतात. विहीरमालक पाणी नाही म्हणतो, आप्पा खडा टाकून आवाज ऐकतात.

आणि पैठणच्या जायकवाडीतून विसर्ग वाढणार असा निरोप आला, की अंबड-घनसावंगीच्या गोदाकाठावर हाच माणूस देवळाच्या भोंग्यावरून ओरडत असतो. इथे त्याची खरी किंमत कळते. कुठल्या वस्तीवर म्हातारी एकटी आहे, कुणाच्या सुनेचे दिवस भरलेत, कोण म्हशी सोडल्याशिवाय हलणार नाही, हे कुठल्याही आराखड्यात नसतं. आप्पांना ते तोंडपाठ असतं. बचाव पथकाची बोट आली, तरी ती आधी कुणाच्या दारात न्यायची, हे तेच सांगतात.

अर्थात तीच नजर वाकडीही होते. याच अंबड-घनसावंगी तालुक्यांतला अनुदान घोटाळा 2025 मध्ये बाहेर आला आणि तलाठी निलंबित झाले. पिकाऐवजी कागदच बुडवले गेले होते. तेव्हापासून सरळ आप्पांनाही बांधावर दोनदा शपथ घ्यावी लागते, आणि गाव तिसऱ्यांदा खात्री करतं.

ज्या दिवशी काहीच घडत नाही, त्या दिवशीही अहवाल द्यायचाच असतो. संध्याकाळी तहसीलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रांग लागते : निरंक, निरंक, निरंक. मध्येच एखाद्या सज्ज्यावरून येतं, "साहेब, इकडं गारा सुरू झाल्यात." त्याच्या खाली पुढच्या आप्पांचं, सवयीनं : निरंक.