शिवराईवर लाखाची पाटी

‘ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट आहे? पाच लाख घ्या!’ असले मेसेज आमच्या शिनोली गावच्या पारावरही येतात आणि घोडेगावच्या बाजारातही. कधी वैष्णोदेवीचे नाणे, कधी शेवटी 786 असलेली नोट. फोन केला की पलीकडचा अगदी गोड बोलतो. आधी नोंदणी फी, मग जीएसटी, मग कमिशन, मग रिझर्व्ह बँकेच्या शिक्क्याचे पत्र. लाख राहतात लांब, घरातलेच पैसे जातात.

रिझर्व्ह बँकेने 4 ऑगस्ट 2021 रोजी जाहीरपणे बजावले होते की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा काडीचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कुणाकडूनही शुल्क घेत नाही. तरी धंदा जोरात आहे. वैष्णोदेवीची नाणी सरकारने चलनासाठीच पाडली होती. पाच रुपयांच्या नाण्याचे मोल पाच रुपये, यात न समजण्यासारखे काय आहे?

या भामट्यांना पोलिसांनी धरावे. माझा जास्त राग आहे तो नाणी कळणाऱ्या सट्टेबाजांवर.

आपल्याकडे जुन्या घरांत देव्हाऱ्यात एखादी शिवराई असते. तांब्याची, एका अंगाला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगाला ‘छत्रपति’, कडेने ठिपक्यांची किनार. शिवरायांच्या राज्याभिषेकापासून, म्हणजे 1674 पासून, ही नाणी पडू लागली आणि पेशवाईतही पडत राहिली. दोन आडव्या रेघांची दुदांडी शिवराई तर भरपूर सापडते. झिजलेली असेल तर शाळकरी पोरालाही खाऊच्या पैशांतून घेता यावी, अशी तिची किंमत असायची. छंद असाच लागतो. सट्टेबाज गठ्ठ्याने माल उचलतो, ‘दुर्मीळ’ म्हणून दर चढवतो, आणि पोराच्या हातातली शिवराई जाते. मागणी वाढली की मग ओतीव बनावट येते. अस्सल नाणे ठशावर हातोडा मारून पाडलेले, म्हणून त्याची अक्षरे धारदार. ओतलेल्या नाण्याची अक्षरे बोथट, अंगावर बारीक छिद्रे, कडेला कानस फिरवल्याच्या खुणा. नवख्याला हे कळत नाही. तो एकदा फसतो आणि छंदच सोडून देतो.

यापेक्षा मोठे नुकसान वेगळेच आहे. 1906 साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला चांदीच्या 13 हजारांवर नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप नहपानाची, पण त्यांतल्या 9 हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. सातवाहनांनी नहपानाचे राज्य मोडले याचा याहून ठणठणीत पुरावा कुठला? आणि हा नहपान आपल्याला परका नाही. जुन्नरच्या मानमोडी डोंगरातल्या लेण्यात त्याचा अमात्य अयम याचा 46व्या वर्षाचा शिलालेख आजही आहे. तो साठा आजच्या सट्टेबाजाच्या हाती लागला असता, तर एकेक नाणे वेगळ्या शहरात, वेगळ्या गिऱ्हाइकाकडे गेले असते. कुठे सापडले, किती सापडले, कशासोबत सापडले, काहीच उरले नसते.

आपल्या शिवारात हेच चालले आहे. नांगराच्या फाळाला काही लागले की मालक गप्प बसतो, कारण मेसेजने त्याला लाखांचा आकडा दाखवलाय. ‘सरकारला कळलं तर जाईल’ म्हणून रोख पैसे देणारा माणूस रात्री येतो. वास्तविक 1878 च्या गुप्तधन कायद्याने 10 रुपयांहून जास्त किमतीचा साठा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो, आणि ज्याला तो सापडला त्याचा हक्कही त्यात सांगितलेला आहे. हे गावात कुणी समजावून सांगत नाही. तालुक्याची कचेरी घोडेगावात आहे, शिनोलीहून हाकेच्या अंतरावर. ग्रामसभेत येऊन एकदा हे सांगायला किती वेळ लागतो?

सापडलेले नाणे चिंचेने घासू नका. त्याचा हिरवट थर गेला की अक्षरेही जातात. दोन्ही बाजूंचा फोटो काढा, वजन करा, गट नंबर लिहून ठेवा. अंजनेरीच्या मुद्राशास्त्र संस्थेत किंवा पुण्याला डेक्कन कॉलेजात दाखवा. आणि संग्राहक हो, भाव विचारण्याआधी गाव विचारा. विकणारा गाव सांगत नसेल, तर तिथून उठा.