फिफ्टी-फिफ्टी

अंजूरफाट्यावर कंटेनर आडवा झाला की पुढचा तासभर काय करायचं, हे ज्याचं त्याचं ठरलेलं असतं. कुणी हॉर्न बडवतो, कुणी सरकारचा उद्धार करतो. भाऊ खिशातून क्यूब काढतात.

असे भाऊ तुमच्याही नाक्यावर असतील. भातशेती होती तिथे आता गोदाम. भाडं महिन्याच्या महिन्याला येतं, हात मात्र रिकामे. गोदामातल्या रिटर्न मालातून हा क्यूब त्यांच्याकडे आला आणि हातांची सोय झाली. फिरवताना त्याच्याकडे बघायचं नाही, हा भाऊंचा नियम. नजर कंटेनरवर, अंगठे क्यूबवर. कर्र, कर्र. मधूनच एक डोळा खाली टाकून, ‘लागला का?’ एवढंच बघायचं.

‘‘मास्तर, एक तर लागंल, नायतर नाय लागणार. म्हंजे फिफ्टी-फिफ्टी!’’

हेच गणित लॉटरीच्या तिकिटाला, पावसाला आणि पोराच्या दहावीला. पोरगा त्यातल्या दुसऱ्या फिफ्टीत गेला, तरी सिद्धांताला धक्का नाही. याच अंजूरच्या गंगाजी नाईकांनी वसई सोडवण्यासाठी वर्षानुवर्षं खटपट केली, तेव्हा कुठे १७३९ साली किल्ला पोर्तुगीजांच्या हातून गेला. भाऊंच्या हिशेबी तोही चान्सच.

एकदा मी त्यांना आकडा ऐकवला. एर्नो रुबिक नावाच्या हंगेरियन गृहस्थाने १९७४ साली बुडापेस्टला बनवलेल्या या ठोकळ्याच्या मांडण्या होतात ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,०००. त्यातली बरोबर एकच. (हा आकडा नीट वाचेपर्यंत कधीकधी फाटा मोकळा होतो.) ‘लीलावती’त शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं किती तऱ्हांनी देता येतील, याचं उत्तर ३६,२८,८०० आहे. पण त्याच ग्रंथातली संख्यांची नावं परार्धाशी संपतात आणि इथे तर ४३२ परार्ध! सेकंदाला एक फिरकी दिली, तर विश्वाचं आजवरचं वय साधारण शंभरदा खर्ची पडेल.

भाऊंनी सगळं शांतपणे ऐकलं. ‘‘पण पयल्याच फिरकीत लागला तर?’’

याला गणितात ‘अशक्य’ म्हणता येत नाही, हीच पंचाईत. भाऊंसारख्यांचं सगळं बळ तेवढ्या फटीत असतं.

त्यांचा पुतण्या यूट्यूबवर चाली शिकून मिनिटभरात क्यूब लावतो. कितीही विस्कटलेला क्यूब जास्तीत जास्त २० चालींत सुटतो, हे २०१० मध्ये सिद्ध झालंय, असं त्यानेच काकांना सांगितलं. ‘‘पाठ करून लावलास, त्यात तुझं काय?’’ म्हणून काकांनी त्याला वाटेला लावलं.

परवा मात्र त्याने काकांच्या हातचा क्यूब ओढून घेतला, भराभर फिरवला आणि शेवटी एका कोपऱ्याशी अडला. बाकी सगळे रंग जागच्या जागी. तो एक कोपरा तेवढा तिरका.

‘‘काका, हा कुणी खोललेला?’’

‘‘पडला होता मोरीत. तुकडे बसवले परत, जसे बसले तसे.’’

पोराने कपाळाला हात लावला. तुकडे कसेही बसवले, तर बारांतून एकदाच क्यूब सुटण्याजोगा होतो. भाऊंचा उरलेल्या अकरांतला निघाला. ‘‘काका, आता हा जन्मात लागणार नाही. चान्स शून्य!’’

भाऊंनी क्यूब परत घेतला. नीट लागलेल्या त्या रंगांवरून कौतुकाने अंगठा फिरवला आणि पुन्हा कर्र करून सगळे विस्कटले.

‘‘म्हंजे एक फिफ्टी गेला,’’ ते मला म्हणाले, ‘‘दुसरा हाय ना अजून!’’