विकत मिळते म्हणून घरी करावी

जे बाजारात मिळत नाही ते माणूस घरी करतो, यात कौतुक कसलं? अमेरिकेत चकलीची भाजणी मिळत नसे तेव्हा मराठी बायका ती घरी करत. ती गरज होती, आणि गरजेपोटी केलेल्या कामाला थोरवी चिकटत नाही. थोरवी हवी असेल तर कोपऱ्यावरच्या दुकानात बारा बाटल्यांच्या खोक्यात, थंड करून, वर्षभर मिळणारी वस्तू घरी करायला घ्यावी. तिच्यासारखी काहीतरी करून भागत नाही, हुबेहूब तीच व्हायला हवी. अमेरिकेतले घरगुती बिअरवाले याला ‘क्लोन’ म्हणतात, आणि त्यांचं एक लाडकं दैवत म्हणजे कॅलिफोर्नियातल्या चिको गावची सिएरा नेवाडा पेल एल.

या दैवताची पोथी साधकाला तोंडपाठ असते. केन ग्रॉसमन या तरुणाने १९७६ साली चिकोत घरगुती बिअरच्या सामानाचं दुकान काढलं. त्याला हवी तशी, हॉप्स नावाच्या कडू-सुगंधी फुलांच्या वासाने भरलेली बिअर बाजारात नव्हती. बाजार सगळा फिक्या लागरचा. मग त्याने पॉल कामुसीला सोबत घेतलं, डेअरीतल्या जुन्या टाक्या जमवल्या आणि १९८० मध्ये बिअर करायला सुरुवात केली. पेल एलचे सुरुवातीचे कित्येक घाणे एकसारखे उतरेनात, तेव्हा ते सरळ गटारात ओतले. म्हणजे गुरूने बाजारात नव्हती ती बिअर केली आणि शिष्य बाजारात आहे ती करतो. गुरूचं काम त्यामानाने सोपं होतं. आपली बिअर चुकली की बरोबर आली, हे त्याचं त्यानेच ठरवायचं होतं. शिष्याची चूक मात्र दुकानात रांगेने मांडून ठेवलेली असते, कुणीही आणून पडताळावी.

सरकारनेही या कामी हात आखडता घेतलेला नाही. १९३३ साली अमेरिकेतली दारूबंदी उठली तेव्हा घरी वाइन करायची मुभा मिळाली, बिअर तेवढी राहून गेली. ही उणीव जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये एका सहीने भरून काढली. एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोघं असतील तर २००. घरगुती घाणा साधारण ५ गॅलनचा, म्हणजे १९ लिटरचा असतो. तेव्हा नवरा-बायकोला वर्षाकाठी ४० घाणे. विकायला मात्र थेंबाचीही परवानगी नाही, आणि कायद्यातला सगळ्यात शहाणा भाग तोच. त्यामुळे क्लोन कुणाला विकत घ्यावा लागत नाही, पाहुणा म्हणून गेल्यावर फक्त प्यावा लागतो. (महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. बिचाऱ्या पुणेकरांना २००९ पासून मायक्रोब्रुअरीत बसून दुसऱ्याने केलेली चांगली बिअर प्यावी लागते.)

पाककृतीची अडचण अशी की ती गुप्त नाही. टू-रो पेल माल्ट (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली), थोडा कॅरॅमल माल्ट, कडूपणाला मॅग्नम आणि पर्ल हे हॉप्स, वासाला कॅस्केड. कडूपणाचं माप ३८ आयबीयू, अल्कोहोल ५.६ टक्के. कंपनी हे सगळं उघड सांगते. साधा माणूस एवढ्यावर समाधान मानेल. साधकाला मात्र संशय येतो, की जो इतकं सांगतो तो काहीतरी नक्की लपवतोय. कॅरॅमल माल्ट साठ नंबरचा की चाळीसचा, यावर दोन उच्चशिक्षित माणसं अख्खी संध्याकाळ भांडताना मी पाहिली आहेत. भांडताना दोघांच्याही हातात सिएरा नेवाडाच होती. दुकानातली.

पाणी नळाचं चालत नाही. डिस्टिल्ड पाणी विकत आणायचं, ज्यातले क्षार काढून टाकलेले असतात, आणि त्यात जिप्सम आणि कॅल्शियम क्लोराइड सोनाराच्या काट्यावर तोलून परत घालायचं. सल्फेटने हॉप्सचा कडूपणा खणखणीत लागतो म्हणतात. संन्यास घेऊन लगेच पुन्हा संसार मांडावा, तसा हा प्रकार.

पण खरी भक्ती दिसते ती यीस्टमध्ये. या बिअरचं यीस्ट ‘चिको’ नावाने प्रसिद्ध आहे आणि पाकिटात मिळतं. एका कंपनीचं १०५६, दुसरीचं ००१, तिसरीचं यूएस-०५. ही सख्खी भावंडं की चुलत, यावर एकमत नाही. म्हणून कट्टर साधक थेट गंगोत्री गाठतो. ही पेल एल बाटलीतच मुरते आणि तळाशी जिवंत यीस्टचा पातळ थर असतो. बाटली आणायची, वरची बिअर अलगद ओतून घ्यायची, तळाचा गाळ उकळून थंड केलेल्या माल्टच्या पाण्यात सोडायचा आणि दोन-तीन दिवस अधूनमधून हलवत राहायचं, की वंश वाढतो. वर ओतून घेतलेल्या बिअरचं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. ती पितात. फार छान असते. आणि मग महिनाभर ती तयार व्हायची वाट बघतात.

करायच्या दिवशी भरडलेला माल्ट ६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायचा, म्हणजे स्टार्चची साखर होते. दोन-तीन अंश उतरले तर बिअर कोरडी, चढले तर जड आणि गोडसर. तापमान टिकावं म्हणून पातेल्याला काहीतरी गुंडाळतात. फ्रिमाँटच्या एका गॅरेजमध्ये आईने सोलापूरहून पाठवलेली गोधडी या कामाला लावलेली मी पाहिली. ठिगळाठिगळांतून गोड वाफ येत होती आणि काटा हलत नव्हता. चोथा गाळला की मग तासभर उकळी, आणि अगदी शेवटी कॅस्केड. हा हॉप ओरेगनात सरकारी संशोधकांनी तयार करून १९७२ साली बाहेर आणला. त्याला ग्रेपफ्रूटचा वास येतो, आणि ग्रेपफ्रूट हे आपल्या पपनसाचंच लेकरू, त्यामुळे कोकणी नाकाला ओळख पटते. सगळं गॅरेज घमघमतं. सगळे डोळे मिटून उभे राहतात. गॅरेजमध्ये आला तेवढा वास बिअरमधून गेला, हे अशा वेळी कुणी बोलून दाखवू नये.

खर्चाचं म्हणाल तर क्लोन दुकानापेक्षा स्वस्त पडतो. पातेलं, उकळलेलं गार करायची तांब्याची गुंडाळी, जुना फ्रिज आणि त्याचा कंट्रोलर हे ‘एकदाच’ म्हणून सोडून द्यायचं, शनिवारची किंमत शून्य धरायची, की झालं.

परीक्षा तीन ग्लासांची असते. दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा ग्लास ओळखायचा. आमच्या त्या गोधडीवाल्या स्नेह्यांकडे ही परीक्षा वहिनींनी दिली. त्यांनी चव घेतलीच नाही. “अरे, हा गढूळ आहे ना, तो तुझा,” म्हणाल्या आणि भाजी परतायला आत गेल्या. डोळे मिटून बाकीच्यांनी घेतली, तरी ओळखली. पण साधक असा हरत नाही. हॉप्सचा वास दिवसागणिक विरतो आणि बाटलीला ऊब लागली तर आणखी लवकर, हे शास्त्रच आहे. दुकानातली बाटली दोन महिन्यांपूर्वी भरलेली, यांची परवाची. तेव्हा कारखान्याच्या दारात मिळते तशी ताजी बिअर यांचीच, आणि फरक पडला तो कंपनीकडून पडला. त्यातूनही काही उरलंच, तर कंपनीने जर्मनीहून आणलेली तांब्याची भांडी आहेतच दोष घ्यायला.

खरा धोका जमण्यात आहे. समजा एखादा घाणा तंतोतंत उतरला. पाहुणा घोट घेईल, मान हलवेल आणि म्हणेल, “सिएरा नेवाडा ना? आमच्याकडेही हीच असते.” याहून मोठी पावती या कलेत नाही आणि ती मिळाली तरी कुणाला सांगता येत नाही.

ज्यांना दीक्षा घ्यायची असेल त्यांनी बाटल्यांपासून सुरुवात करावी. एका घाण्याला पन्नासेक लागतात. फिरवून उघडायच्या झाकणाच्या चालत नाहीत, ओपनरने उघडायच्याच हव्यात, आणि तपकिरी काचेच्या, कारण उजेडाने हॉप्स बिघडतात. सिएरा नेवाडाच्या बाटल्या या कामाला उत्तम. चार-पाच खोकी घेऊन या, सावकाश रिकामी करा, लेबलं रात्रभर पाण्यात भिजवून काढा. घाई करू नका. तेवढ्या बाटल्या रिकाम्या होईपर्यंत बराच काळ जातो, आणि तोवर घरात बिअर असतेच.