जिल्हा कोणता, काकाजी?

मेंदूच्या या तपासणीत सुई नसते, हे ऐकून आमच्या मोहगावातला माणूस आधी खूश होतो आणि मग संशयात पडतो. सुई नाही, मशीन नाही, दोन-चार तास नुसते प्रश्न! मग पैसे कशाचे?

नाव न्यूरोसायकॉलॉजिकल इव्हॅल्युएशन. आमच्या काकाजींनी ते ऐकून सोडून दिलं आणि ‘डोक्याचा पेपर’ म्हणायला लागले. पक्षाघातानंतर, मोटरसायकलवरून पडून डोक्याला मार लागल्यावर, मिरगीत, किंवा विसरणं वाढलं म्हणजे डॉक्टर हा पेपर लिहून देतात. एमआरआयचं चित्र काढलेलं असतं, तरीही. मीटर फिरतं म्हणजे विहिरीवरची मोटर चालू आहे एवढंच कळतं. पाणी संत्र्याच्या शेवटच्या झाडापर्यंत पोचतं का, ते धुऱ्यावर जाऊनच बघावं लागतं.

आमच्याकडे पहिली फेरी बहुतेकांची जामसावळीला होते. निजलेल्या हनुमानापाशी डोक्याच्या त्रासाला गुण येतो, अशी श्रद्धा आहे. मारुतीराया प्रश्न विचारत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. नागपूरला गेलं की मात्र प्रश्न सुरू होतात, आणि पहिले दिसायला सगळ्यात सोपे. आज वार कोणता? महिना कोणता? काकाजींना इंग्रजी तारीख धड सांगता येणार नाही. पण पोळ्याला किती दिवस आणि पांढुर्ण्याची गोटमारीची जत्रा कधी, ते झोपेतून उठवून विचारा.

मग येतो जिल्हा. “पयले छिंदवाडा होता, आता पांढुर्णा झाला. उद्याचं काई सांगता येत नाई.” यात विसराळूपणा कुठे आहे? ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौसर तहसिली छिंदवाड्यातून काढून नवा जिल्हा केला. राजधानी विचारली तर काकाजी उलट विचारतात, “कव्हाची? माह्या शाळेतली का आताची?” त्यांच्या शाळेतली नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो आणि राजधानी भोपाळला जाऊन बसली. काकाजी जागचे हलले नाहीत. अशा माणसाला ‘आपण कुठे आहात’ विचारणाऱ्याने थोडा वेळ हाताशी ठेवावा.

बरं, विचारणारेही इतके कोरडे नसतात. १९७५ मध्ये अमेरिकेत मनाची एक छोटी चाचणी निघाली. तिच्यात शंभरातून सात-सात वजा करत जायचं. हरियाणात बल्लभगडकडच्या गावांत, जिथे पुष्कळ म्हातारे शाळेची पायरीच चढले नव्हते, तिथे ती नेताना हिंदी रूपात विसातून तीन-तीन केलं. बंगळूरच्या निमहॅन्सने २००४ मध्ये आपल्या चाचण्यांचा संच छापला, त्यातही वय आणि शिक्षण पाहून तुलना आहे. म्हणजे चौथी शिकलेल्या काकाजींची गाठ कॉलेजातल्या पोराशी पडत नाही. फक्त आपण हिशेब मराठीत करतो आणि अर्ज हिंदीत लिहितो, हे बसल्या बसल्याच सांगून टाकावं.

पुढे पंधरा शब्दांची यादी वाचतात, आठवतील तितके सांगायला लावतात, आणि तीच यादी पाच वेळा. काकाजींना वाटलं, पेपर घेणारी बाईच विसरते. मग दुसरीच यादी, आणि अर्ध्या तासाने पुन्हा पहिलीची चौकशी. हे शब्द सगळेच्या सगळे फार थोड्यांना आठवतात. प्रश्न मुद्दाम अवघड होत जातात. कुठे अडलात तेच तर बघायचं असतं. म्हणून घरून पाठांतर करून जाणं फुकट, उलट अंदाज चुकवणारं. जायचं ते रात्री नीट झोपून, जेवून, चष्मा, कानाचं यंत्र आणि गोळ्यांची चिठ्ठी घेऊन. थकलात तर मध्ये चहा मागता येतो. तेवढी माणुसकी असते.

एका मिनिटात प्राण्यांची नावं सांगा, म्हटल्यावर काकाजी खुलले. बैल, गाय, गोऱ्हा, कालवड, म्हैस, हेला असा गोठा रिकामा केला, मग पेंचच्या जंगलात शिरून वाघ, चितळ, रानडुक्कर. बाई नुसता आकडा मोजत नव्हती. गोठ्यातून जंगलात माणूस किती सहज जातो, यातही तिला रस होता. घड्याळ काढा म्हटलं तेव्हा मात्र काकाजींनी गोल काढला आणि काटे बराच वेळ हातातच ठेवले. तिथे मीही बाहेरच्या बाकावर जरा गप्प झालो.

शेवटी घरच्या माणसाला वेगळं बसवून विचारतात. रोग्याला स्वतःचं विसरणं कित्येकदा दिसत नाही, ते शेजारच्याला दिसतं. काकींना विचारलं, वर्षभरात काय फरक पडला?

“वर्षभरातला सांगू का लग्नापासूनचा?”

बाईने पेन खाली ठेवलं. जुना स्वभाव कुठे संपतो आणि नवा आजार कुठून लागतो, हे काकींकडून काढून घ्यायला तिला काकाजींच्या सगळ्या पेपरापेक्षा जास्त वेळ लागला. रिपोर्ट समजावून सांगायला पंधरा दिवसांनी बोलावलं आहे. काकी म्हणतात, त्या दिवशी त्या आणखी काही मुद्दे घेऊन येणार आहेत.